१९७४ चा डेव्हिस कप: फायनल झालीच नाही, पण लढाई झाली होती

आजचा भाग कुंभकोणमजवळच्या दारासुरम् इथून. इथलं दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेलं ऐरावतेश्वर मंदिर आणि जवळच्या तंजावरातली मराठी घराणी, हे दोन्ही विषय आपल्या यादीत आहेत. पण तमिळनाडूत आलोच आहे, तर आधी इथल्या खेळाडूंनी गाजवलेल्या आणि पुण्याशीही नातं असलेल्या एका मोहिमेबद्दल बोलू.

डेव्हिस कपच्या विजेत्यांची यादी काढा. १९७४ समोर दक्षिण आफ्रिका दिसेल आणि उपविजेता म्हणून भारत. गुण मात्र नाहीत, कारण फायनल झालीच नाही. एवढी गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण फौजेत एक सवय लागते: मोहिमेचा निकाल वाचताना शेवटची ओळ नव्हे, सगळा नकाशा बघायचा. तो बघितला की लक्षात येतं, त्या वर्षीची सर्वांत मोठी लढाई फायनलच्या कितीतरी आधी, आपल्या विभागातच झाली होती.

हा विभाग म्हणजे काय? डेव्हिस कप १९०० साली अमेरिका आणि ब्रिटन या दोनच देशांत सुरू झाला. देश वाढले, तेव्हा जगाचे भाग पाडावे लागले. बोटीने प्रवास करायच्या काळात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणं शक्यच नव्हतं. आधी अमेरिका आणि युरोप असे विभाग झाले, १९५० च्या दशकात पूर्व विभाग आला. विभाग जिंकायचा, मग इतर विभागांच्या विजेत्यांशी भिडायचं. तेव्हा एका लढतीत पाच सामने, तीन दिवस: पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी, तिसऱ्या दिवशी उलट्या जोड्यांनी पुन्हा दोन एकेरी. तीन सामने जिंकले की लढत तुमची.

१९७१ पर्यंत आणखी एक नियम होता. गतविजेत्याने घरी बसायचं आणि बाकी सगळ्यांनी एकमेकांना हरवत त्याच्या दारापर्यंत यायचं. १९६६ साली भारत असाच ऑस्ट्रेलियाच्या दारात पोचला. कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना रामनाथन कृष्णन यांनी थॉमस कॉखला हरवलं, तेही दोन सेट विरुद्ध एक आणि चौथ्या सेटमध्ये २-५ असे मागे असताना. मेलबर्नला आपण ४-१ ने हरलो. तो एक विजय कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब-रोश या जोडीवर मिळवला होता.

१९७२ पासून तो नियम गेला आणि गतविजेत्यालाही पहिल्यापासून खेळावं लागलं. आपल्यासाठी याचा अर्थ काय? ऑस्ट्रेलिया आपल्याच पूर्व विभागात आला. आता विभाग जिंकायचा म्हणजे ऑस्ट्रेलियाला हरवायचं. १९७२ ला बंगळूरमध्ये आणि १९७३ ला मद्रासला त्यांनी आपल्याला हरवलं. १९७३ मध्ये तर पुढे अमेरिकेला ५-० ने लोळवून त्यांनी चषकही नेला. लेव्हर आणि न्यूकोम्बचा संघ होता तो.

मे १९७४. पूर्व विभागाची फायनल, कोलकाता, गवताचं कोर्ट, वर बंगालचा उन्हाळा. प्रामाणिकपणे सांगायला हवं की ऑस्ट्रेलियाचा तो संघ पूर्ण ताकदीचा नव्हता. न्यूकोम्ब त्याच महिन्यात डॅलसची व्यावसायिक स्पर्धा जिंकत होता. पण जॉन अलेक्झांडर, कॉलिन डिब्ली आणि बॉब गिल्टिनन हे काही नवशिके नव्हते. आपल्याकडे मद्रासचे विजय आणि आनंद अमृतराज हे भाऊ, आणि जसजित सिंग.

डेव्हिस कपमध्ये टायब्रेकर १९८९ ला आला. त्याआधी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच. अलेक्झांडरने विजयला हरवलं: १४-१२, १७-१५, ६-८, ६-२. जसजितने गिल्टिननला हरवलं: ११-९, ९-११, १२-१०, ८-६. बरोबरी. मग दुहेरी. अमृतराज बंधूंनी अलेक्झांडर-डिब्लीला १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४ असं हरवलं. एकट्या या सामन्यात ९९ गेम्स! जसजित अलेक्झांडरकडून हरला, पण विजयने गिल्टिननला चार सेटमध्ये हरवून तिसरा गुण मिळवला. भारत ३, ऑस्ट्रेलिया २.

पाचही सामन्यांचे मिळून ३२७ गेम्स झाले. प्रत्येक सामना ६-४ च्या तीन सेटमध्ये संपला असता, तर १५० झाले असते. म्हणजे दुपटीहून जास्त. डेव्हिस कपच्या इतिहासातला हा विक्रम आहे, आणि तो एका विभागीय लढतीत झाला.

सप्टेंबरमध्ये पुढची लढत सोव्हिएत संघाशी, आणि ती आपल्या पुण्यात. ज्या देशाचा मेत्रेवेली आदल्या वर्षी विम्बल्डनचा उपविजेता होता, त्या देशाला आपण ३-१ ने हरवलं आणि फायनल गाठली.

आता नकाशाची दुसरी बाजू बघा. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेला १९७० ला स्पर्धेबाहेर काढलं होतं. १९७३ ला परत घेतलं, पण ठेवलं कुठे? अमेरिका विभागात! आफ्रिकेच्या टोकाचा देश अमेरिकेत. विभाग कागदावर भूगोलाने पडतात, पण रेघ राजकारणही ओढतं. तोच संघ जोहान्सबर्गला इटलीला हरवून आपल्यासमोर आला.

भारताने खेळायला नकार दिला. हा निर्णय अचानक सुचलेला नव्हता. १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न मांडला होता आणि त्या देशाशी व्यापार बंद केला होता. जिथे आपल्या माणसाला दुय्यम मानलं जातं, तिथल्या सरकारला खेळातून प्रतिष्ठा द्यायची नाही, हे धोरण अठ्ठावीस वर्षं जुनं होतं. चषक समोर दिसला म्हणून ते सोडलं असतं, तर त्याला धोरण म्हणता आलं नसतं.

मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे. पण त्याची किंमत कोणी मोजली हेही सांगायला हवं. ती दिल्लीतल्या कोणी मोजली नाही. ती कोलकात्याच्या उन्हात ९९ गेम्स खेळलेल्या पोरांनी मोजली. विजय तेव्हा विशीत होता. पुढची फायनल यायला १९८७ उजाडलं. ती गोथेनबर्गला, मातीच्या कोर्टवर. स्वीडनने ५-० ने हरवलं. आजपर्यंत आपण चषक जिंकलेलो नाही. सैनिकाला शिखर जिंकून ते आदेशाने परत द्यावं लागतं, तेव्हा तो आदेश पाळतो. पण शिखर कोणी जिंकलं होतं, हे विसरण्याचा हक्क बाकीच्यांना मिळत नाही.

पुण्याचं आणि या मोहिमेचं नातं तिथे संपलं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बालेवाडीला आशिया-ओशनिया विभागात भारताने न्यूझीलंडला ४-१ ने हरवलं. न खेळणारे कर्णधार होते आनंद अमृतराज, आणि कर्णधार म्हणून ती त्यांची शेवटची लढत. २०२० पासून वरच्या गटांतून हे विभागही गेले. आता भारताची गाठ कुठल्याही खंडाशी पडू शकते.

तेव्हा विजेत्यांच्या यादीत १९७४ ची ओळ दिसली, की तिच्या शेजारी मनात एक आकडा लिहा: ३२७. त्या वर्षी गतविजेत्याला कोर्टवर हरवणारा संघ एकच होता. पुढच्या भागात दारासुरम्‌च्या मंदिराकडे वळू. नमस्कार.