रिकामी पेटी, विझलेला नंदादीप

ख्रिस्ती धर्मशास्त्राने देवाला सर्वव्यापी मानले असले, तरी मध्ययुगीन युरोपातील साध्या भाविकाला तो चर्चमध्ये नेमका कोठे आहे, हे बोट दाखवून सांगता येत होते. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूने पवित्र केलेली भाकर दिसायला भाकरच राहते, परंतु तिचे मूळ तत्त्व पालटून ती ख्रिस्ताचे शरीर होते, या शिकवणीला १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने तत्त्वांतराची परिभाषा दिली आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने प्रॉटेस्टंटांचे आक्षेप फेटाळून ती पक्की केली. उरलेली भाकर कुलूपबंद पेटीत ठेवून तिच्यापुढे अहोरात्र दिवा तेवत ठेवावा, असा दंडक १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने घालून दिला; मराठी वाचकाला त्या दिव्यासाठी नंदादीप हा शब्द सुचेल, आणि तो फारसा चुकणारही नाही. उपस्थिती अशी एका जागेशी बांधली गेली, म्हणूनच अनुपस्थितीही डोळ्यांना दाखवता येऊ लागली.

ती दाखवण्याचे कारण शुभवर्तमानांतच होते. मार्क आणि मत्तय यांच्या वृत्तांतात क्रुसावरील येशू, देवाने आपल्याला का टाकले, असा आक्रोश करतो. लूक आणि योहान यांनी तो आक्रोश घेतलेला नाही. ते शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे असून त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, एवढ्यावर अनेक भाष्यकारांनी समाधान मानले. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने मात्र तो आक्रोश सौम्य केला नाही. येशू अधोलोकात उतरला, या श्रद्धावचनाचा अर्थच त्याने दोषी ठरलेल्या जिवाच्या यातना येशूने आत्म्यात भोगल्या, असा लावला.

रोमन चर्चने या वादापेक्षा विधीवर अधिक भिस्त ठेवली. पवित्र गुरुवारी मिस्सेनंतर पवित्र भाकर बाजूच्या वेदीकडे नेली जाई, मुख्य वेदीवरची वस्त्रे एकेक करून उतरवली जात आणि ती उतरवताना म्हटले जाई तेच बाविसावे स्तोत्र. पेटीचे दार उघडे, आत काही नाही, पुढचा दिवा विझलेला. त्याच दिवसांतील ‘तेनेब्रे’ म्हणजे अंधाराच्या प्रार्थनेत त्रिकोणी दिवठणीवर पिवळसर, न उजळवलेल्या मेणाच्या पंधरा मेणबत्त्या लावत. प्रत्येक स्तोत्रानंतर एक, याप्रमाणे चौदा विझत, पण शिखरावरची पंधरावी विझवत नसत, ती जळतीच वेदीमागे लपवत. मग अंधारात पोथ्या बाकांवर आपटून गडगडाट केला जाई आणि तो थांबल्यावर लपवलेली मेणबत्ती पुन्हा बाहेर येई. देवाने टाकण्याविषयी या चर्चचे खरे म्हणणे ग्रंथांपेक्षा या पंधराव्या मेणबत्तीत अधिक नेमके उतरले आहे: उजेड नाहीसा होत नाही, तो दिसेनासा होतो.

पोर्तुगीजांबरोबर हे विधी गोव्यात आले. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली आणि कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा ही दैवते त्या दशकात झुआरीपलीकडे, आजच्या फोंडा तालुक्याच्या मुलखात नेली गेली. ज्या गावांचे देव असे निघून गेले होते, त्याच गावांत पुढे दरवर्षी रिकाम्या पेटीचा विधी होऊ लागला. साष्टीत अनेक वर्षे काम केलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूच्या दुःखसहनाची कथा मराठी ओवीत सांगितली, ती त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या दुसऱ्या भागात येते; हे पुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

पुढे बाराव्या पायस पोपने १९५५ मध्ये पवित्र सप्ताहाचे वेळापत्रक बदलले. आदल्या संध्याकाळी होणारी तेनेब्रेची प्रार्थना सामान्यतः सकाळी गेली, आणि भरदिवसा मेणबत्त्या विझवण्यात अर्थ उरला नाही. रिकाम्या पेटीची प्रथा मात्र टिकली. गुड फ्रायडेला तिचे दार उघडे असते, आणि घंटा मुक्या असल्यामुळे पोर्तुगीजांनी ‘मात्राका’ म्हटलेल्या लाकडी खुळखुळ्याच्या खडखडाटाने भाविकांना प्रार्थनेला बोलावले जाते.