नाचणगावच्या सराईवर, कमरेला रंजक

चला, दोनशे-सव्वादोनशे वर्षं मागे. पाय जपून ठेवा, खाली म्हशीचं शेण आहे. बाजूला कुणाचं तरी तान्हं रडतंय, त्याच्या पलीकडे तीन शेळ्या आणि एक म्हातारी एकाच पोत्यावर बसल्या आहेत. ज्वारीची कणसं, तुरीची गाठोडी, कपाशीचे बोचके, तांब्याची भांडी, सगळं अंगावर येतंय. तुम्ही आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावात आहात. मोठमोठ्या दरवाजांची ही किल्ल्यासारखी दगडी सराई वाटसरूंच्या मुक्कामासाठी बांधलेली, पण आज सगळं गाव आपली गुरंढोरं घेऊन तिच्यात शिरलंय.

वर्धा शहर शोधू नका. वर्धा म्हणजे इथे फक्त नदी. शहराच्या जागी पालकवाडी नावाचं खेडं आहे आणि जिल्हा व्हायचाय १८६२ साली. जवळच्या पुलगावला रेल्वे नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक पुढे तिथे उभं राहणार आहे, पण आज या टापूतला तुमच्यापुरता दारूगोळा तुमच्या कमरेला आहे.

दसरा होऊन गेलाय. नद्यांचं पाणी ओसरलं, घोडा उतारावरून पार होऊ लागला, म्हणजे पेंढाऱ्यांचे, त्या लुटारू घोडेस्वारांचे, दिवस सुरू झाले. पश्चिमेला धूळ दिसतेय. काळ्या मातीची ती धूळ वाऱ्याबरोबर आधीच तुमच्या दातांत आलीय.

"वर ये बाबू, उभा काय रायला!" भिंतीवरून एक म्हातारा हाक मारतोय. पांढऱ्या मिशा, उजव्या गालावर जुन्या भाजण्याचे काळे ठिपके. आयुष्यभर कुणाकुणाच्या फौजांत बंदूक चालवून तो गावी परत आलाय आणि येताना एक चकमकीची बंदूक घेऊन आलाय. ती आता तुमच्या हातात आहे. जड आहे ना? नळी उन्हाने इतकी तापलीय की डावा हात सारखा पुढेमागे सरकवावा लागतोय.

भिंतीवरच्या बाकीच्यांकडे तोड्याच्या बंदुका आहेत. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. तिचं टोक सतत धुमसत ठेवायचं आणि चाप ओढला की ते रंजकीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूवर, टेकतं. कपाशीच्या या मुलखात दोरीला काय तोटा! पण शेजारच्या गड्याकडे बघा, तो तोड्याचं टोक एका हातात दूर धरून दुसऱ्या हाताने दारू भरतोय. एक ठिणगी उडाली की संपलं. आणि रात्री हीच धग लांबून लाल दिसते, कोण कुठे उभा आहे ते शत्रूला कळतं. तुमच्या बंदुकीला जळती दोरी लागत नाही. तिला लागते गार, म्हणजे पोलादावर आपटून ठिणगी पाडणारा चकमकीचा दगड. ती तर इथल्या शेतात नांगराला लागते, नदीच्या पात्रात पायाला टोचते.

म्हातारा तुमच्या कमरेचा पट्टा घट्ट आवळतो आणि एकेका वस्तूवर तुमचा हात नेऊन ठेवतो. "डोळ्यानं नोको पाहू. हातानं पाय." खरंच, धुरात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. उजवीकडे मोठं शिंग, त्यात नळीत भरायची जाड दारू. त्याच्याजवळ बांबूचं माप, एका बाराचं. शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही, कधीच नाही, कारण आत आधीच्या बाराचा निखारा राहिलेला असला तर आग उलटी चढून शिंगच हातात फुटतं. मागे चामड्याची पिशवी, त्यात शिशाच्या गोळ्या आणि चिंध्या. पुढे, पोटाशी, टोपण घट्ट बसवलेलं मुठीएवढं छोटं शिंग. रंजक यात.

या छोट्या शिंगापाशी मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. बंदुकीची चित्रं निघतात, पवाडे होतात, संग्रहालयात ती काचेमागे जाते. पण या मुठीएवढ्या शिंगाशिवाय ती नुसती लोखंडी नळी आहे, आणि मला तरी या शिंगाचंच कौतुक जास्त वाटतं. जुन्या कारागिरांनी अशी शिंगं हरणाच्या डोक्याच्या आकारात कोरली ती उगाच नव्हे.

उघडा, वास घ्या. गंधकाचा उग्र दर्प नाकात चढतो. चिमटीत धरा, पिठासारखी बारीक आहे. दारू तीच, सोरा, गंधक आणि कोळसा यांची. सोरा जुन्या भिंतींवर फुटणाऱ्या खाऱ्या लोण्यातून आणि गुरं बांधायच्या जागेच्या मातीतून काढलेला, कोळसा तुरीच्या तुराट्यांचा, गंधक तेवढं व्यापाऱ्याकडचं. रंजकीसाठी मात्र ती आणखी कुटून चाळायची. दाणा जितका बारीक तितकी ती चटकन पेटते आणि तितकीच चटकन ओल धरते. म्हणून तिचं शिंग वेगळं, म्हणून ते पोटाशी, आणि म्हणून म्हातारा ओरडतोय, "घामाचा हात पुस आधी!"

आता भरा. बंदुकीचा घोडा, म्हणजे जबड्यात गार धरलेला खटका, अर्ध्यावर ओढा. माप भरून नळीत ओता, चिंधीत गुंडाळलेली गोळी घाला, गजाने ठासा. गज काढून घ्या, विसरलात तर तोही उडून जाईल. आता नळीच्या बाजूची छोटी वाटी उघडा आणि तिच्यात रंजक टाका. अर्धी वाटी, फार झालं. कान, म्हणजे नळीत जाणारं ते बारीक भोक, रंजकीखाली बुडता कामा नये. बुडलं तर आग आत उडी मारत नाही, वातीसारखी जळत जाते, बार उशिरा उडतो आणि तोवर घोडेस्वार निघून गेलेला असतो. वाटीवर पोलादी पाती पाडा, लवकर, भिंतीवर वारा आहे. उजव्या हाताच्या माणसाला मागे सरकवा. कानातून आगीची धार बाजूला सुटते. म्हाताऱ्याच्या गालावरचे ठिपके तिचेच.

धूळ जवळ आली. टापा ऐकू येण्याआधी दगडात जाणवतात. मग भाल्यांची पाती चमकतात आणि खाली सराईत एकदम शांतता होते, शेळ्यांचीसुद्धा.

घोडा पूर्ण ओढा. चाप दाबा.

खट्ट. फस्स. डोळ्यांसमोर पांढरा लोळ, भुवया चुरचुरतात, आणि बस. नुसती रंजक जळली, बार उडालाच नाही. गोंधळू नका, नळी बाहेरच रोखून धरा, तोंड तिच्यापासून दूर. थोडा दम धरा, आत आग रेंगाळत असेल. मग पट्ट्याला साखळीने लटकणारी सुई घ्या, कानात खुपसा, काजळी मोकळी करा. कुंचल्याने वाटी झाडा. पुन्हा रंजक, पुन्हा पाती.

खट्ट-धाड! खांद्याला हिसका बसतो, कानात शिटी वाजते, सडक्या अंड्याच्या वासाचा धूर तुम्हाला गिळून टाकतो. डावीकडे, उजवीकडे तोड्याच्या बंदुका उडतात. काही दिसत नाही. तुम्ही मात्र भरताय, कारण हाताला आता पाठ झालंय, शिंग, माप, गोळी, गज, छोटं शिंग. जीभ कोरडी, ओठांवर सोऱ्याची खारट चव. एक बाई घागर घेऊन शिडीवर चढते. ती आधी म्हाताऱ्याला विचारते, "दारूपासून दूर ठेवू ना?" आणि मगच ती टेकवते.

घोडे वळले. पेंढाऱ्याला वेढा घालत बसायचं नसतं, त्याला झटपट लूट हवी असते. भिंत दगडी आणि भिंतीवर बार भरलेले, असं दिसलं की तो पुढचं गाव बघतो. नाचणगावकर या सराईत राहून पेंढाऱ्यांपुढे टिकले ते याच हिशेबाने.

खाली भाकरी थापायचा आवाज सुरू झालाय. पाय आपोआप शिडीकडे वळतात. म्हातारा पट्टा धरून मागे ओढतो. संध्याकाळच्या आत बंदूक गरम पाण्याने धुवायची आहे, नाहीतर दारूची काजळी हवेतली ओल पिऊन रात्रीत नळी गंजवेल. गारेची धारही बोथट झालीय, ती टाचून घ्यायची, चामड्याचा तुकडा घालून घोड्याच्या जबड्यात पुन्हा आवळायची. तो छोटं शिंग कानाशी नेऊन हलवतो, किती उरलीय ते ऐकतो, आणि खलबत्ता तुमच्यापुढे सरकवतो.

"चुलीपासून लांब बस, अन् लाकडाच्याच बत्त्यानं कूट."