मोडलेल्या मनगटाचा हिशेब

अमेरिकेत हात मोडून आलेल्या रुग्णाच्या बिलावर दोन जातींचे कोड असतात. एक निदानाचा, म्हणजे काय मोडले ते सांगणारा. दुसरा उपचाराचा, म्हणजे डॉक्टरने काय केले ते सांगणारा. दोघांची घराणी वेगळी. निदानाचा कोड मृत्यूच्या नोंदवहीतून आला, उपचाराचा विम्याच्या हिशेबातून. कोपर ते मनगट एवढ्याशा भागाच्या बिलात दोन्ही घराण्यांच्या खुणा अजून दिसतात.

निदानाच्या कोडाचे घराणे जुने. लंडनमध्ये सतराव्या शतकात मृतांची साप्ताहिक पत्रके निघत. त्यांवरून जॉन ग्राँटने १६६२ साली मृत्यूच्या कारणांचा हिशेब मांडला. एकोणिसाव्या शतकात विल्यम फारने इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात त्या कारणांची शास्त्रशुद्ध वर्गवारी केली. पुढे पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागोच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय यादी मांडली. ती यादी होती मरणाच्या कारणांची, आणि मनगट मोडून सहसा कोणी मरत नाही. त्यामुळे डब्लिनच्या अब्राहम कॉलीस यांनी मनगटाजवळ रेडियस हे हाड मोडण्याचा प्रकार १८१४ सालीच वर्णन केलेला असूनही या यादीत त्याला जागा मिळण्याचे कारण नव्हते. कॉलीस यांनी हे वर्णन केले तेव्हा क्ष-किरणांचा शोध ८१ वर्षे दूर होता. निदान हाताला लागणाऱ्या उंचवट्यावरून आणि हाताच्या वाकड्या आकारावरून व्हायचे.

१९४८ साली यादीची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे गेली. त्याच वर्षीच्या सहाव्या आवृत्तीपासून जिवंत माणसांचे आजार आणि दुखापतीही तिच्यात आल्या. नवव्या आवृत्तीत रेडियस आणि अल्ना या दोन हाडांच्या फ्रॅक्चरला ८१३ हा आकडा होता. तिच्यावर बेतलेल्या अमेरिकी यादीत कातडी न फाटलेल्या कॉलीस फ्रॅक्चरला ८१३.४१ मिळाला. डॉक्टरचे नाव टिकले, फक्त त्याच्या शेजारी आकडा बसला.

उपचाराचा कोड पैशापोटी जन्मला. १९२९ साली डॅलसमधल्या बेलर रुग्णालयाने शिक्षकांसाठी योजना काढली: महिना ५० सेंट भरायचे आणि गरज पडल्यास वर्षात २१ दिवस रुग्णालयात राहायचे. ब्लू क्रॉस विम्याची ही सुरुवात. विमा आला की पैसे देणारा तिसराच असतो, आणि त्याने तो मोडलेला हात कधी पाहिलेला नसतो. त्याला कागदावर ठरावीक शब्दांत सांगावे लागते. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी १९५६ साली प्रत्येक शस्त्रक्रियेला तुलनेने किती मोल द्यायचे याचा तक्ता काढला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली उपचारांची कोडसूची छापली. तेव्हा कोड चार आकडी होते, १९७० साली पाच आकडी झाले. १९८३ साली मेडिकेअर या सरकारी विम्याने ही सूची स्वीकारली. त्यानंतर ती नाकारणे कोणाला परवडण्यासारखे राहिले नाही.

या सूचीतला मनगटाचा भाग हाडवैद्याच्या कामासारखाच रचलेला आहे. रेडियसच्या खालच्या टोकाचे फ्रॅक्चर नुसते प्लास्टर घालून सांभाळले तर २५६००. हाड ओढून जागेवर बसवले तर २५६०५. पुढचे कोड तारा किंवा प्लेट लावण्याचे. नवख्या कोडरची, म्हणजे टिपण वाचून कोड लावणाऱ्याची, पहिली फसगत इथेच होते. ‘क्लोज्ड’ हा शब्द निदानात एका अर्थाने येतो आणि उपचारात दुसऱ्या. कातडी न फाटलेले फ्रॅक्चर निदानात क्लोज्ड. पण सर्जनने चीर देऊन तिथे प्लेट बसवली तर उपचार ओपन. एकाच हाताच्या बिलावर दोन्ही शब्द असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात.

२००६ पर्यंत चीर देऊन केलेल्या अशा शस्त्रक्रियेला एकच कोड होता, २५६२०. हाडाचे दोन तुकडे असोत की पाच, आकडा तोच. मात्र २००० च्या आसपास तळहाताच्या बाजूने बसवायच्या लॉकिंग प्लेटा रूढ झाल्या. सांध्यात घुसलेले तुकडे एकेक करून जुळवणे हे नेहमीचे काम झाले आणि एका कोडात सगळे मावेना. २००७ साली तो कोड रद्द झाला. त्याच्या जागी तीन आले: फ्रॅक्चर सांध्याबाहेर असेल तर २५६०७, सांध्यात गेले असेल आणि दोन तुकडे बसवून पक्के केले असतील तर २५६०८, तीन किंवा अधिक केले असतील तर २५६०९. या शाखेत शस्त्रक्रियेचे तंत्र आणि बिल इतक्या उघडपणे एकत्र सरकल्याचे दुसरे उदाहरण चटकन सापडत नाही. तेव्हापासून सर्जनच्या टिपणातल्या ‘तीन तुकडे’ या शब्दांना पैशाची किंमत आहे.

मेडिकेअरच्या हिशेबात या कोडांसोबत ९० दिवस बांधलेले असतात. त्या मुदतीतल्या फेरतपासणीच्या नेहमीच्या भेटींचे पैसे वेगळे मिळत नाहीत. पहिले प्लास्टरही त्यातच धरलेले असते. दुसऱ्यांदा घातलेल्या प्लास्टरचा मात्र वेगळा कोड लावता येतो.

१ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेत निदानाच्या यादीची दहावी आवृत्ती लागू झाली. त्याआधी दोनदा तारीख पुढे ढकलली गेली होती. सुमारे १४,००० निदान-कोडांचे जवळपास ७०,००० झाले. कालचा ८१३.४१ आज एस५२.५३१ए झाला: ५२ म्हणजे कोपर ते मनगट या भागाचे फ्रॅक्चर, ५ म्हणजे रेडियसचे खालचे टोक, ३ म्हणजे कॉलीस, १ म्हणजे उजवा हात. शेवटचे अक्षर सर्वांत त्रासदायक. ‘ए’ला ‘पहिली भेट’ असे नाव दिले आहे, पण त्याचा खरा अर्थ उपचार सुरू असणे हा आहे. आठवड्यानंतर दुसऱ्या सर्जनने प्लेट बसवली तरी ‘ए’च. हाड नीट भरून येत असताना ‘डी’, जुळलेच नाही तर ‘के’, वाकडे जुळले तर ‘पी’. टिपणात हाड सरकल्याचा उल्लेखच नसेल तर नियमाने ते सरकलेले धरायचे, आणि कातडी फाटल्याचा उल्लेख नसेल तर फ्रॅक्चर क्लोज्ड धरायचे.

या कामाचा एक मोठा हिस्सा आता भारतात होतो. चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबई इथल्या कार्यालयांत बसलेले कोडर अमेरिकी सर्जनची टिपणे वाचून हे आकडे लावतात. इथल्या रुग्णांसाठी असलेल्या महाराष्ट्रातल्या महात्मा फुले जनआरोग्य या सरकारी योजनेची रीत मात्र वेगळी आहे. तिथे ठरावीक दराच्या पॅकेजखाली उपचार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. अमेरिकी बिलावर मात्र अजून एस५२ च लिहिला जातो.