पेठ कुठली?

1988 च्या जूनमध्ये बँकेने माझी बदली रत्नागिरीहून कोल्हापूरला केली. हातखंबा, पाली, साखरपा करत एस.टी. आंबा घाटाला लागली तेव्हा बाहेर हात दिसेनासा पाऊस होता. मलकापूर ओलांडलं आणि रस्ता कोरडा लागला. ट्रंक आणि वळकटी घेऊन मी शिवाजी पेठेत एका जुन्या वाड्याच्या जिन्याशी उभा राहिलो. घरमालकांना सगळे आण्णा म्हणत. त्यांनी भाडं नंतर सांगितलं, आधी विचारलं, "गाव कुठलं?"

"रत्नागिरी."

"ते कळलं वो. पेठ कुठली?"

आमच्याकडे पेठ नसते, वाडी असते, असं मी सांगायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं. "आता हितं ऱ्हायला आलासा न्हवं? मग तुमची तालीम खंडोबा. विषय संपला."

फुटबॉल मी तोवर वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर पाहिलेला. ऑफसाइड म्हणजे काय हे मला आजही दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून मी खंडोबाचा झालो. पुढच्या हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर पहिला सामना बघायला गेलो तोही आण्णांच्या मागून, काखेत वर्तमानपत्र धरून, नाटकाला जावं तसा. ते वर्तमानपत्र अर्ध्या तासात कुणीतरी फाडून त्याचे कपटे हवेत उडवले.

बाहेरच्याला कोल्हापूरचा फुटबॉल समजत नाही तो संघांच्या नावांपासून. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. मध्येच प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी. तालीम म्हणजे कुस्तीची जागा, लाल माती, मारुतीची तसबीर. तिथून चेंडू कसा बाहेर आला?

शाहू महाराजांची कारकीर्द 1894 ते 1922. 1902 साली ते सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं, आणि परत आल्यावर खासबागेत कुस्तीचं मैदान बांधायला काढलं. ते 1912 मध्ये पुरं झालं. मध्ये हौदा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक. शेवटच्या माणसालाही पैलवानाची पाठ लागली की नाही ते दिसावं, अशी. महाराजांनी पैलवान घडवले हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: त्यांनी प्रेक्षक घडवला. गोलात बसणारा, हलगीच्या ठेक्यावर तापणारा, आपल्या तालमीच्या गड्याला नावाने हाक मारणारा आणि निकालानंतर फेटा उडवणारा हा प्रेक्षक फुटबॉल रुजण्याआधीच तयार होता. पुढे छत्रपती घराण्याच्या आश्रयाने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली, स्टेडियम आलं, पोरांच्या पायात बूट आले. बसणारी माणसं तीच राहिली. कोल्हापूरची गॅलरी ही कुस्तीची गॅलरी आहे, फक्त हौद्याच्या जागी गवत आहे. हे माझं मत. क्रीडापत्रकारांना ते पटत नाही.

आणि तालीम म्हणजे नुसता संघ नव्हे. तिचा गणपती असतो, शिवजयंती असते, वर्गणीची पावती असते. मोहरमला कित्येक तालमींत पंजे बसतात. दोन्ही सण एकत्र आले तर बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा एकाच छताखाली दिसतात. ज्या कट्ट्यावर हे सगळं ठरतं तिथेच यंदा सेंटर फॉरवर्ड कोण, हेही ठरतं. त्यामुळे संघ 'निवडायचा' प्रश्नच येत नाही. जन्म ज्या गल्लीत, तालीम तिथली.

या सगळ्याला कोल्हापूरचा एक शब्द आहे, इर्षा. आमच्या कोकणात हा शब्द शेजाऱ्याच्या आंब्याला मोहर जास्त आला की वापरतात, वाईट अर्थाने. तिकडे तो अभिमानाचा. "इर्षेचा सामना" म्हणजे बघण्यालायक सामना. त्यांच्या मिरवणुकीत बारा ढोल तर आमच्यात पंधरा, ही इर्षा. दर चार वर्षांनी विश्वचषक आला की चौकाचौकांत ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीच्या खेळाडूंचे दोन मजली फलक चढतात, तीही इर्षाच. त्या देशांना कोल्हापूर कुठे आहे ते माहीत नसेल, म्हणून काही अडत नाही.

माझी स्वतःची फजिती एकदाच झाली. खंडोबा आणि पाटाकडील यांचा सामना होता, बँकेतून निघायला उशीर झाला आणि गर्दीत वाट सापडेल तिकडे घुसून मी पायरीवर बसलो. आपल्या संघाने गोल केला तसा दोन्ही हात वर करून उठलो. आजूबाजूला कोणीच उठलेलं नव्हतं. मी मंगळवार पेठेत, म्हणजे पाटाकडीलच्या माणसांत बसलो होतो. शेजारच्या पांढऱ्या मिशीच्या म्हाताऱ्याने माझा सदरा खाली ओढला. "पावनं, खाली बसा. पावना म्हणून सोडतोय." सामना टायब्रेकरवर गेला. मी पुढचा सगळा वेळ दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. शेवटी त्याच म्हाताऱ्याने शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

सगळे दिवस शेंगदाण्याचे नसतात. एका संध्याकाळी पंचांच्या शिट्टीवरून आधी चपला आल्या, मग बाटल्या, मग दगड. संघांची नावं घेत नाही, घेतली तर आजही कुणीतरी पत्र लिहील. माझ्या भुवईवर तीन टाके पडले. आण्णा मला दवाखान्यात घेऊन गेले आणि वाटेत मलाच रागावले, "तोंड वर करून काय बघत हुतासा?" दगड टाकणाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत 'हुल्लडबाज समर्थक' हा शब्द दर हंगामात छापून येतो, पोलिसांची फौज उभी राहते, आणि पेठेतला प्रत्येक माणूस सांगतो की हुल्लडबाज समोरच्या पेठेचे होते.

1994 मध्ये मी रत्नागिरीला परत आलो. हा विषय संपला असं वाटलं होतं.

2017 च्या ऑक्टोबरात लेकीकडे जर्मनीला गेलो. जावई डॉर्टमुंडजवळ नोकरी करतो. त्याच्या कचेरीतल्या कुणीतरी दोन तिकिटं दिली, 14 ऑक्टोबरचा सामना, डॉर्टमुंड विरुद्ध लाइपझिग. लोकलगाडीत सगळे पिवळे-काळे. माझ्या गळ्यातही जावयाने पिवळी पट्टी बांधली. परत एकदा, न विचारता.

आमच्या समोर, गोलच्या मागे, दक्षिणेच्या गॅलरीची ती प्रसिद्ध पिवळी भिंत. खुर्च्या नाहीत, जवळपास 25 हजार माणसं उभी. इंग्लंडमध्ये 1989 साली हिल्सबरोला चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर तिथल्या मोठ्या मैदानांवरून उभं राहणं गेलं. जर्मनांनी ते सोडलं नाही, आणि उभ्या माणसाचं तिकीट स्वस्त ठेवलं. भिंतीच्या तळाशी एका मचाणावर एक पोरगा भोंगा घेऊन उभा होता. मैदानाकडे पाठ, लोकांकडे तोंड. तो ओरडायचा आणि पंचवीस हजार घसे उत्तर द्यायचे. चौथ्याच मिनिटाला डॉर्टमुंडने गोल केला. त्या पोराने वळून पाहिलं नाही. लोकांच्या चेहऱ्यांवरून त्याला कळलं असावं.

मी त्या पोराला कुठेतरी पाहिलंय असं सारखं वाटत होतं. मग आठवलं. शिमग्यात.

रत्नागिरीचा भैरी हा बारा वाड्यांचा देव. शिमग्यात पालखी बाहेर पडते, सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर बसते, खांद्यावर नाचते. ढोल-ताशांपुढे एक जण पालखीकडे पाठ करून उलटा चालतो आणि फाका घालतो. एक ओळ तो टाकतो, बाकीची वाडी ती उचलून धरते. फाकेत देवाचं नाव असतं तसा शेजारच्या वाडीचा उद्धारही असतो, तो इथे छापता येणार नाही. होळीची लाकडं दुसऱ्याच्या आगरातून पळवण्यात पुरुषार्थ असतो. भिंतीवरच्या या पोरांना 'अल्ट्रा' म्हणतात, आणि त्यांचाही असाच एक नियम जावयाने सांगितला: आपल्या गटाचा मुख्य फलक विरोधकांनी पळवला तर गट मोडायचा, त्या नावाने पुन्हा उभं राहायचं नाही. निशाण गेलं म्हणजे सगळं गेलं. हे समजायला मला जर्मन भाषा लागली नाही.

अल्ट्रा हे मूळचे इटलीचे, साठीच्या दशकाच्या अखेरचे. जर्मनीत त्याआधी जीनच्या बंड्यांवर बिल्ले शिवून फिरणारे समर्थक असत. भोंगा, ढोल, अख्खा सज्जा झाकणारी चित्रं आणि मनाई असलेल्या मशाली हे सगळं नव्वदीत जोरात आलं. डॉर्टमुंडचा मोठा गट तर 2001 चा. म्हणजे ही परंपरा माझ्या बँकेतल्या नोकरीपेक्षा तरुण! पण क्लब जुना. 19 डिसेंबर 1909 ला बोर्झिगप्लाट्झ नावाच्या चौकाजवळच्या एका खानावळीत, वरच्या खोलीत, चर्चच्या तरुण मंडळातली पोरं जमली. पाद्रीबाबांना त्यांचं फुटबॉल पसंत नव्हतं. पोरांनी त्यांना न जुमानता क्लब काढला. आजूबाजूला पोलादाचा कारखाना, कामगारांच्या चाळी. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी हट्टाने तो चौक पाहून आलो. गोल चौक, सहा रस्ते, ट्राम. कोल्हापूरच्या एखाद्या तिकटीसारखा. पेठच ती.

सामना डॉर्टमुंड 2-3 हरलं. पण लाइपझिगबद्दलचा राग हरण्याजिंकण्याचा नव्हता. तो क्लब 2009 मध्ये एका पेय बनवणाऱ्या कंपनीने उभा केला. जर्मनीत 1998 पासून नियम आहे की क्लबमध्ये मताचं बहुमत सभासदांकडे राहिलं पाहिजे, पैसा कुणाचाही असो. या क्लबने मत देणारे सभासदच मूठभर ठेवले. नियम पाळला आणि मोडलाही. 2017 च्याच फेब्रुवारीत लाइपझिगची माणसं डॉर्टमुंडला आली तेव्हा त्यांच्यावर दगड आणि बाटल्या पडल्या, त्यांत बायकापोरंही होती. त्या सामन्यात गॅलरीत झळकलेल्या अपमानकारक फलकांची शिक्षा म्हणून पुढच्या एका घरच्या सामन्याला ती अख्खी भिंत रिकामी ठेवली गेली. जावई हे खालच्या आवाजात सांगत होता. माझा हात भुवईवर गेला. त्या पोरांची बाजू मला पटत होती आणि दगड पटत नव्हता. अजूनही या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसत नाहीत.

बर्लिनच्या ऊनियोन क्लबची गोष्ट मला जास्त भावली. 2004 मध्ये पैशाची टंचाई आली तेव्हा समर्थकांनी रक्तदान करून मिळालेले पैसे क्लबला दिले. 2008-09 मध्ये दोन हजारांहून जास्त माणसांनी बिनपगारी घाम गाळून मैदान दुरुस्त केलं. आमच्याकडे देवळाचा सभामंडप असाच होतो. आणि 2024 च्या सुरुवातीला, बाहेरचे गुंतवणूकदार लीगमध्ये येणार म्हणताच जर्मनीभर सामने चालू असताना गॅलऱ्यांतून टेनिसचे चेंडू मैदानात पडायला लागले. खेळ थांबे, चेंडू वेचले जात, पुन्हा पडत. 21 फेब्रुवारीला लीगने तो बेत सोडून दिला. दगडापेक्षा पिवळा चेंडू लांब पोचला.

कोल्हापूरच्या तालमींना सभासदांच्या बहुमताचा असा नियम कुणी करून दिला नाही, कारण विकायला काय आहे? कट्टा, पावती पुस्तक, आखाडा. तरी पैसा तिथेही शिरतो. एका तालमीचा गडी दुसरीने पळवायचा हे जुनंच, पण पुढे गोव्याचे, मग आफ्रिकेचे खेळाडू आले, तेव्हा आण्णा फोनवर कुरकुरले होते, "गोल आपला, पर पाय भाड्याचा." दुसरीकडे याच मातीतला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मी जर्मनीत होतो तेव्हाच ती स्पर्धा चालू होती, आणि आण्णांचा मला आलेला पहिला परदेशी फोन त्यासाठी होता. माझी तब्येत त्यांनी विचारली नाही.

रत्नागिरीत अशी गॅलरी का झाली नाही? मैदानं आमच्याकडेही आहेत, मारुती मंदिरापाशी शिवाजी स्टेडियम आहे. पण गॅलरीला बारा महिने गावात राहणारे तरुण लागतात. आमचे तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईला. गिरणीत, गोदीत, आता आणखी कुठे. गावात राहिले म्हातारे, बायका आणि मनिऑर्डर. चाकरमानी येतो गणपतीला आणि शिमग्याला. वर्षभराचा घसा तो त्या चार दिवसांत पालखीपुढे मोकळा करतो. आमची पायरी म्हणजे सहाण.

जर्मनीहून आल्यावर दिवाळीनंतर आण्णांना भेटायला गेलो. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, स्टेडियमच्या पायऱ्या बंद. त्यांना सगळं सांगितलं. पिवळी भिंत, पंचवीस हजार माणसं. ते पान जुळवत ऐकत होते.

"हलगी वाजती का?"

"हलगी नाही. ढोल आहेत."

"मग सूर कोण देतं?"

मी त्या मचाणावरच्या पोराबद्दल सांगितलं. मैदानाकडे पाठ, हातात भोंगा, दीड तास.

"म्हंजे त्येला म्याच दिसतच न्हाई?"

"नाही."

आण्णांनी चुना लावायचा थांबवला. खिडकीतून खाली कट्ट्यावर पोरं जमली होती, कुणीतरी नवा फलक बांधत होतं. बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"गडी खरा हाय," म्हणाले. "कुठल्या पेठेचा?"