बार्शी लाईट : साडेआठ फुटांच्या फळीवरचा इतिहास

आपल्या वाळूज परिसरातल्या छोट्या पंढरपुरात आषाढी एकादशीला किती गर्दी होते, हे संस्थेच्या सभासदांना वेगळे सांगायला नको. त्या दिवशी रस्ता बंद, रिक्षा बंद, आणि आपण सगळे गॅलरीत उभे राहून दिंड्या बघतो. पण मोठ्या पंढरपुराला शंभर वर्षे ज्या रेल्वेने वारकरी पोचवले, ती अडीच फुटी 'बार्शी लाईट' आज कितीजणांना आठवते? निवृत्तीनंतर मी या रेल्वेचे एक चालते मॉडेल घरी बांधायचे ठरवले आहे. त्याचा आराखडा काढताना जो इतिहास हाती लागला, तो स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मोठा मार्ग १८६० साली सोलापूरला पोचला. वाटेत बार्शी हे कापसाचे आणि धान्याचे मोठे बाजारपेठेचे गाव. पण रेल्वे गेली बार्शीपासून २१ मैल दूर. स्टेशनला नाव दिले 'बार्शी रोड', म्हणजे आजची कुर्डुवाडी. नावात बार्शी आणि माल मात्र बैलगाडीत, अशी व्यापाऱ्यांची अवस्था.

याच जी.आय.पी. रेल्वेत एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर नोकरीला होता. जन्म १८५७. हा गृहस्थ मोठा हरहुन्नरी. पुढे त्याने अरबी घोड्यांवर पुस्तक लिहिले आणि वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट तयार केले. पण त्याचे खरे वेड छोट्या रेल्वेचे. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढे १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज, असा मार्ग वाढत गेला. एकूण २०२ मैल. सोलापूर जिल्हा इंग्रजांचा, लातूर निजामाचे, मिरज पटवर्धनांचे; तीन राजवटींमधून ही एक छोटी गाडी जायची. मिरजेला रूळ पोचले त्याच वर्षी कॅल्थ्रॉप वारला.

आता छोटी रेल्वे म्हटली की लोकांना माथेरानची आठवते, बागेतली आठवते. बार्शी लाईट तशी खेळण्यातली नव्हती. कॅल्थ्रॉपचे गणित बघा. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला ते फार आवडले. रूळ जड घेतले तर खर्च वाढतो. रूळ हलके घेतले तर जड इंजिन चालत नाही. मग त्याने ठरवले की इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, चाकांच्या कुठल्याही एका जोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. म्हणून इंजिन केले लांब, आठ मोठी चाके आणि मागे चार छोटी, म्हणजे वजन वाटले जाईल. लीड्सच्या किट्सन कंपनीने अशी पाच इंजिने बांधली. वाघिणी सगळ्या एकाच मापाच्या, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यावर. त्यामुळे डब्याचे स्वतःचे वजन कमी आणि मालाला वाव जास्त. बँकेच्या भाषेत, आस्थापना खर्च कमी आणि कर्जवाटप जास्त!

परिणाम काय? यार्डाला ३० पौंड वजनाचे रूळ पुरले. आजच्या हिशेबात मीटरला जेमतेम १५ किलो. सध्या आपल्या मोठ्या मार्गांवर मीटरला ५२ आणि ६० किलोचे रूळ असतात. म्हणजे एक चतुर्थांश पोलादात रेल्वे उभी राहिली.

हे सगळे भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले या ठिकाणी तात्पुरता मार्ग टाकून तपासले गेले आणि लोकांना चालवून दाखवले गेले. म्हणजे बार्शी लाईटचे पहिले मॉडेल खुद्द कॅल्थ्रॉपनेच बांधले म्हणायचे, फक्त पूर्ण मापाचे.

बार्शीचा अनुभव मग उलटा इंग्लंडला गेला. स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात १९०४ साली कॅल्थ्रॉपच्याच देखरेखीखाली अडीच फुटी फाटा निघाला. इंजिने पुन्हा किट्सनची. पण तिथे माल कमी, माणसे कमी. १९३४ साली तो बंद पडला, रूळ उखडले आणि त्या वाटेवर आता लोक फिरायला जातात. गंमत अशी की, तिकडच्या हौशी लोकांनी या आठ-सव्वाआठ मैलांच्या फाट्याची मॉडेले बांधली, पुस्तके लिहिली. आणि त्याच्या थोरल्या भावाचे, २०२ मैलांच्या बार्शी लाईटचे, आपल्याकडे नावही फारसे निघत नाही.

असे का, याचा मी बराच विचार केला. माझे मत असे आहे की, जे बंद पडते त्याची लोक आठवण ठेवतात. जे वाढते त्याचे जुने रूप पुसले जाते. बार्शी लाईट मेली नाही, तिची ब्रॉडगेज झाली. ही रेल्वे १९५४ साली सरकारने विकत घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात एकेक टप्पा करत मोठे रूळ पडले. त्याच वाटेवर नवे रूळ, नवी स्टेशने. रडायला कुणाला कारणच उरले नाही. म्हणून मॉडेल हवे.

आता आराखड्याकडे वळतो. या छंदात 'एचओ' म्हणून एक माप जगभर चालते. खऱ्याच्या ८७ पट लहान. बार्शी लाईटच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, उत्तर पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात ९ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक, ऑडिटरसुद्धा सोडून देईल! पण कुर्डुवाडीला शेजारी ब्रॉडगेज आहे ना. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तिचे उत्तर येते १९.३. तयार रूळ मिळतो १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या रेल्वेसाठी केलेला. तीन मिलिमीटरची तूट काही लपत नाही. म्हणून ठरवले की, ब्रॉडगेजचा तुकडा हाताने बांधायचा, त्यावर दोन वाघिणी नुसत्या उभ्या ठेवायच्या. चालेल फक्त छोटी गाडी.

दुसरा प्रश्न लांबीचा. कुर्डुवाडी ते पंढरपूर सुमारे ५२ किलोमीटर. ८७ ने भागले तरी ६०० मीटर होतात. आमच्या पूर्वेकडच्या खोलीत भिंतीलगत साडेआठ फुटांची फळी बसते आणि काटकोनात सहा फुटांची दुसरी. तेवढ्यासाठी दिवाण हलवायला सौ.ची मंजुरी मिळवली आहे, अर्थात अटींसह. तेव्हा बराच भाग गाळणे आले. मी तीन जागा ठेवल्या : कुर्डुवाडीचा मालधक्का, मोडनिंबचे छोटे स्टेशन, आणि भीमेचा पूल ओलांडून पंढरपूर. पंढरपुरानंतर रूळ पडद्यामागे जातील. तिथे 'मिरज' समजायचे. नऊ मिलिमीटरच्या रुळावर दहा इंच त्रिज्येचे वळण चालते, म्हणून कोपरा जमतो. वीज १२ व्होल्टची, तेव्हा नातवंडांना धोका नाही.

तीनपैकी मालधक्का मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका बाजूला ब्रॉडगेजची वाघीण, दुसऱ्या बाजूला छोटी, आणि मधे पाठीवर पोती घेतलेले हमाल. कॅल्थ्रॉपच्या सगळ्या बचतीची ही दुसरी बाजू. रूळ स्वस्त पडले, पण प्रत्येक पोते एकदा माणसाच्या पाठीवरून गेले. आपल्या जुन्या सभासदांना हे कळेल, कारण औरंगाबादची गाडी मीटरगेज होती तेव्हा मनमाडला हीच कथा. सामान डोक्यावर, पोरे काखेत, आणि पळा! हे दृश्य नसेल तर माझे मॉडेल नुसते शोभेचे होईल.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि तो सर्वांत अवघड. १९२७ पूर्वीचा काळ धरला तर सोय होती. तेव्हा पंढरपूर हे शेवटचे स्टेशन, पडद्यामागचा खटाटोप नको. शिवाय किट्सनची ती आठ चाकी इंजिने दाखवता आली असती. मोह मोठा होता. पण मी १९७८ ते १९८० हा काळ नक्की केला. त्या सुमारास मी बार्शीला बँकेच्या शाखेत होतो आणि या गाडीने अनेकदा कुर्डुवाडी गाठलेली आहे. आषाढीच्या जादा गाड्या, टपावर बसलेली माणसे, खिडकीतून बाहेर डोकावणारी पताका, इंजिनाच्या धुराने काळे झालेले शर्टाचे कॉलर, हे डोळ्यांनी पाहिलेले आहे. व्हाउचरशिवाय नोंद करू नये, ही सवय अजून सुटलेली नाही. १९२५ च्या मॉडेलची चूक दाखवायला कोणी उरलेला नाही. १९७८ च्या मॉडेलची चूक दाखवणारी माणसे आपल्याच संस्थेत आहेत, आणि ती हयात आहेत तोवरच हे काम करण्यात अर्थ आहे.

ब्रॉडगेज झाली हे वाईट झाले, असे मात्र कोणी समजू नये. एप्रिल २०१६ आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हते आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती लातूरला पोचली, म्हणजे बराचसा बार्शी लाईटचाच जुना मार्ग. पहिल्या फेरीला १० टाक्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी, म्हणजे ५०० टन. आता हाच हिशेब छोट्या गाडीवर करा. चार जोड्या चाकांची वाघीण, जोडीला ५ टन, एकूण २० टन. डब्याचे स्वतःचे वजन शून्य धरले तरी २५ डबे लागले असते. प्रत्यक्षात कितीतरी जास्त. तेव्हा मोठे रूळ हवेच होते. पण ते कुठून कुठे टाकायचे, ही वाट शतकभर आधी त्या अडीच फुटी गाडीने पाडून ठेवली होती, हे विसरू नये एवढेच म्हणणे.

ज्यांना मॉडेल रेल्वे म्हणजे काय हे पाहायचे असेल त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर पाहावे. १९९८ पासून ते सुरू आहे. नातवंडांना न्या, पण स्वतःसाठी जा.

शेवटी एक विनंती. आपली वसाहत म्हणजे कारखान्यांच्या निमित्ताने गावोगावहून आलेल्यांचे गाव. लातूर, मुरूड, ढोकी, बार्शी, सांगोला या भागातले सभासद आपल्यात असतील. कोणाकडे त्या गाडीचा फोटो, जुने पुठ्ठ्याचे तिकीट, वेळापत्रकाचे पान असेल तर दोन दिवसांसाठी द्यावे, जसेच्या तसे परत मिळेल. इंजिनाचा बाजूने काढलेला फोटो मिळाला तर फारच उत्तम, कारण सांगाडा पितळी पत्र्याचा हातानेच करायचा आहे. डब्यांचा रंग कोणाला नक्की आठवत असेल तर सांगावे. दोघांचे एकमत झाले तरच तो रंग लागेल! फळ्या कापून आल्या आहेत, भीमेच्या पुलापासून काम सुरू करतो आहे.