परसातलं बी आणि माळ्यावरचे अंक

गादीवर कोण बसलं, लढाई कुठे झाली, तह कधी झाला, याच्या तारखा आपण शाळेत पाठ केल्या. आपल्या मागल्या दारी पडवळाचा वेल पहिल्यांदा कोणी चढवला, किंवा घरात मासिक वाचायला पहिल्यांदा कोण बसलं, याची तारीख मात्र कुठल्याच बखरीत सापडत नाही. आज मला उन्हाळ्यातल्या दोन अगदी साध्या सुखांबद्दल बोलायचं आहे. एक, सकाळ-संध्याकाळ परसात राबणं. दुसरं, भर दुपारी जुनी मासिकं वाचणं. ही दोन्ही सुखं फुकटची म्हणून आपण त्यांची किंमत केली नाही. पण घरातल्या माणसांचा, विशेषतः बायकांचा इतिहास शोधायला निघालं तर याच दोन ठिकाणी पोचावं लागतं.

परस म्हणजे घराची मागची बाजू. ‘परसाकडे जाऊन येतो’ या वाक्प्रचारामुळे या शब्दाची पुष्कळ थट्टा झाली. पण घरातला अर्धा स्वयंपाक या परसातूनच यायचा. मोरीचं पाणी वाया जायचं नाही, ते अळूला, केळीला आणि कर्दळीला जायचं. शेवगा, कढीपत्ता, कारलं, घोसाळी ही मंडळी आपल्याकडची जुनी. मिरची, पपई, पेरू मात्र अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकापासून अशी झाडं किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून वर आली. पपई, अननस, काजू, बटाटा हे शब्दसुद्धा आपण त्यांच्याकडूनच घेतले. आज उपासाच्या दिवशी आपण निःशंक मनाने बटाटा खातो, तेव्हा ही परदेशी पाहुणी घरची कधी झाली हे आठवतही नाही!

माझं लहानपण वाईत गेलं, साठच्या दशकात. उन्हाळ्यात परसात काही उगवत नाही, असा समज असतो. खरं तर काम तेव्हाच जास्त. माझी आजी आणि आत्या वैशाखात वाफे खणून माती तापायला ठेवत. झाडांना आळी करत, शेणखत घालत, वर पालापाचोळा पसरत, म्हणजे ओल टिकते. मोगऱ्याची तऱ्हा निराळी. थंडीत त्याची छाटणी करून पाणी तोडायचं, त्याला ताण द्यायचा आणि मग पाणी सोडायचं. उन्हाळा तापला की तो असा फुलायचा की ओंजळी पुरायच्या नाहीत. रोहिणीच्या सरी पडल्या की पडवळ, दोडका, कारल्याचं बी मृगाच्या तोंडावर मातीत जायचं.

दुपारी बाहेर पाऊल टाकवत नसे. मग माळ्यावरून ट्रंक खाली यायची. तिच्यात बांधलेले खंड, सुटे अंक आणि मुखपृष्ठ हरवलेले अनाथ अंक असत. मराठीतलं पहिलं मासिक ‘दिग्दर्शन’ बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली काढलं, ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ चं. हे विद्वानांचे. आमच्या ट्रंकेतले त्यानंतरचे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेलं ‘मनोरंजन’, ज्याने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, त्याचे दोन-चार अंक होते. ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ होते. आम्हा मुलांसाठी ‘चांदोबा’ होताच. तो मराठीत १९५२ पासून येऊ लागला. तीस वर्षांपूर्वीच्या कथेचा ‘पुढील अंकी चालू’ असा शेवट आला आणि पुढला अंकच ट्रंकेत नसला की जीव टांगणीला लागायचा. त्या नायिकेचं पुढे काय झालं, हे आत्या आपल्या मनाने सांगायची, आणि दर उन्हाळ्यात निराळं सांगायची.

आता गंमत पाहा. यातलं ‘किर्लोस्कर’ हे मासिक जन्मलं ते शेतीच्या अवजारांच्या पोटी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडी नांगर तयार होत. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शंका शेतकऱ्यांना होती म्हणतात. या कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ती मोठी झाली आणि तिचं ‘किर्लोस्कर’ मासिक बनलं. १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ आलं.

बी आणि अंक या दोघांनाही गावोगाव नेलं ते टपालाने. १८७७ साली आपल्याकडे व्ही.पी.ची सोय सुरू झाली. वस्तू दारात आली की पैसे द्यायचे. पुण्यात पेस्तनजी पोचांची बियाण्यांची पेढी १८८४ साली निघाली. आडगावच्या बाईला दुकानात जाता येत नसे; टपालाने मात्र जग तिच्या ओसरीवर आणून ठेवलं.

आमच्या घरी बी आणि अंक यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडायची. बियाण्यासाठी एक दोडका, एक भोपळा वेलावरच पूर्ण पिकू द्यायचा, त्याला कोणी हात लावायचा नाही. वाळल्यावर बी काढून राखेत घोळायचं आणि कागदाच्या पुडीत बांधायचं. कागद कुठला? जुन्या मासिकाचा. आजीचा नियम कडक होता: गोष्टीचं पान फाडायचं नाही, जाहिरातीचं फाडायचं. त्यामुळे पडवळाचं बी केशतेलाच्या जाहिरातीत आणि वालाचं बी ताकदीच्या औषधात! पुडीवर आत्या पेन्सिलीने लिहायची, कधी लावलं, कधी पहिलं फळ उतरलं आणि बी कोणाकडून आलं. ‘कुसगावच्या मावशींकडून’ अशी एका पुडीवरची नोंद मला आजही दिसते. बायकांनी एकमेकींना दिलेल्या बियांचा तो दप्तरखानाच होता.

आज समाजाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक नेमक्या त्या जाहिरातीच शोधत असतात. साबणाची किंमत, शिवणयंत्राचं चित्र, शाळेची जाहिरात यांवरून घर कसं बदललं ते कळतं. आणि खंड बांधताना जाहिरातींची पानं आणि मुखपृष्ठं काढून टाकायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. म्हणजे कथा उरल्या, पण त्या वाचणारं घर हातातून गेलं.

कागद आणि बी, दोन्ही जिवंत वस्तू आहेत असं मला वाटतं. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं. तो पिवळा पडतो, मग बोटात तुटतो. कसर आणि वाळवी उरलेलं काम करतात. बियांना भुंगा लागतो, दमट हवेत त्यांची उगवण जाते. आजी दोघांनाही एकच औषध करायची, कडुनिंबाची सुकलेली पाने. ट्रंकेतही तीच, मडक्यातही तीच. पण बी नुसतं जपून ठेवता येत नाही, ते पेरून नवं करावं लागतं. संकरित बियाणं घरी धरलं तर पुढच्या पिढीत त्याचे गुण एकसारखे उतरत नाहीत. म्हणून दरवर्षी पाकीट विकत आणावं लागतं. एकदा घरातली साखळी तुटली की ते वाण बाजारात मिळत नाही.

ही साखळी सांभाळणारी माणसं आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे आणि भाज्यांचे कितीतरी गावरान वाण जमवले, वाढवले आणि इतर बायकांना वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मासिकांचं तेच काम ठाण्याचं १८९३ सालचं आणि मुंबईचं १८९८ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय करत आलं आहे. बालभारतीच्या १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’चे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचता येतात.

पण सगळं संस्थांवर सोडून भागणार नाही. ‘कुसगावच्या मावशींकडून’ ही नोंद कुठल्याही ग्रंथालयात नव्हती, ती घरात होती. आपल्यापैकी पुष्कळांचं परस आता गॅलरीतल्या चार कुंड्यांत आलं आहे, हरकत नाही. कारल्याच्या वेलाला एक मोठी कुंडी पुरते. या उन्हाळ्यात रद्दीवाला आला की माळ्यावरचा गठ्ठा त्याच्या तराजूत टाकण्याआधी एकदा उलगडून पाहा. कोणाच्या हातची पेन्सिल दिसली तर ते पान बाजूला काढा. आणि घरात कोणी म्हातारी आत्या, मावशी, आजी असेल तर तिला विचारा, त्यांच्या परसातल्या दोडक्याचं बी आता कोणाकडे असेल. मृगाला अजून थोडे दिवस आहेत.