माताव्हेरी ते टोटेगेगी : कागदावरचे तीन तास

* 'तीन तासांचा प्रवास' : माताव्हेरी हा चिलीच्या ताब्यातील ईस्टर बेटाचा विमानतळ. त्याला सर्वांत जवळचा विमानतळ म्हणजे फ्रेंच पॉलिनेशियातील मांगारेव्हाजवळचा टोटेगेगी. दोहोंमधील हवाई अंतर सुमारे २,६०० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला, तर लेखकाचे तीन तास गणिताने जुळतात. पण या दोन ठिकाणांना जोडणारी नियमित विमानसेवा नाही. ताहितीमार्गे जायचे म्हटले, तर आधी सव्वाचार हजार किलोमीटर पश्चिमेला आणि मग सोळाशेंहून अधिक किलोमीटर उलट आग्नेयेला, म्हणजे अंतर दुपटीहून जास्त. टोटेगेगीला उतरल्यावर मुख्य बेटापर्यंत होडी आहेच. वाटेत पिटकेर्न बेटावर वस्ती आहे, धावपट्टी नाही. त्यामुळे माताव्हेरीकडे निघालेल्या विमानाला जादा इंधन बाळगावेच लागते. वाऱ्याचा हिशेबही वेगळा. सांतियागोहून बेटावर येताना समोरून पश्चिमी वारे लागतात, म्हणून ३,७५० किलोमीटरना पाच तासांहून जास्त लागतात. परतीचा प्रवास बराच लवकर आटोपतो. अशा प्रदेशात नकाशावरच्या सरळ रेषेवरून वेळ काढणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे, म्हणून हा खुलासा आवश्यक वाटला. — संपादक